तरुण सैनिकाच्या जडणघडणीवरचा युद्धपट: कल्पनेपासून पक्क्या संहितेपर्यंत

तरुण सैनिकाच्या जडणघडणीवर युद्धपट लिहू पाहणाऱ्यांचे पहिले खर्डे बहुधा एकाच वळणाने जातात. कोवळा, घाबरलेला मुलगा भरती होतो, प्रशिक्षणात रगडला जातो, पहिल्या चकमकीत गोठून उभा राहतो, जिवलग मित्र गमावतो, सूडाने पेटतो आणि शेवटी धुराच्या लोटातून निर्भय योद्धा होऊन बाहेर पडतो. यात मुलगा लढायला शिकतो, पण जाणता होतो का, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. नेम साधणे, भीती गिळणे, चिखलात झोपणे ही सवयीने येणारी कौशल्ये आहेत आणि ती अगदी अपरिपक्व माणसालाही येतात. जाणतेपण दिसते ते निर्णयात, विशेषतः ज्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागणार आहे अशा निर्णयात. म्हणून अशा चित्रपटाची उभारणी लढायांच्या क्रमावर न करता नायकाच्या निर्णयांच्या क्रमावर करावी, असे माझे ठाम मत आहे आणि पुढील सर्व पायऱ्या त्याच मताला धरून आहेत. उदाहरणासाठी एक पूर्णतः काल्पनिक चित्रपट घेतला आहे.

१. बदल एका वाक्यात लिहून काढावा

कथा सुचताच दृश्ये लिहायला बसू नये. आधी एकच वाक्य लिहावे, ज्याच्या पूर्वार्धात नायकाची सुरुवातीची समजूत असेल आणि उत्तरार्धात शेवटची. आपल्या काल्पनिक चित्रपटासाठी ते असे आहे: सांगितलेले काम केले की आपली जबाबदारी संपली असे मानणारा मुलगा, अर्धवट सोडलेल्या कामाची जबाबदारीही आपलीच असते आणि कोणी विचारले नाही तरी ती आपणहून सांगावी लागते, या जाणिवेपर्यंत पोहोचतो.

या वाक्यात बंदूक नाही, शत्रू नाही, विजय नाही, हे लक्षात घ्यावे. ही गोष्ट एखाद्या कारखान्यातही घडू शकली असती. मग युद्ध कशासाठी, हा पुढचा प्रश्न लेखकाने स्वतःला विचारायचा. आपल्या बाबतीत उत्तर सरळ आहे. ज्या वयात इतर ठिकाणी माणसाला उमेदवारी करायला लावतात, त्या वयात युद्ध त्याच्या हाती इतरांचे प्राण सोपवते आणि चूक दुरुस्त करायला दुसरी संधी देत नाही. आपल्या कथेत युद्ध काढून टाकले तरी काही बिघडत नसेल, तर ती युद्धपटाची कथा नाही. ती दुसरीकडे नेऊन लिहावी, त्यात कमीपणा काहीच नाही.

२. नायकाला नेमके काम द्यावे

‘सैनिक’ हे पात्राचे वर्णन म्हणून फार अपुरे आहे. सैन्यात कोणी स्वयंपाकी असतो, कोणी खेचरे सांभाळतो, कोणी जखमींना स्ट्रेचरवरून वाहून नेतो, कोणी नकाशे काढतो. काम जितके नेमके, तितके निर्णय नेमके होतात आणि प्रेक्षकालाही ते काम कळू लागल्यावर चुकीचे वजन आपसूक समजते.

आपला नायक पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, पश्चिम आघाडीवर ब्रिटिश सैन्यात टेलिफोनच्या तारा जोडणारा आहे. खंदकातील पायदळ आणि मागचा तोफखाना यांचा संपर्क तेव्हा मुख्यतः या तारांवर अवलंबून असे. तोफगोळ्यांनी तारा सतत तुटत. त्या वाचाव्यात म्हणून जमिनीत सुमारे सहा फूट खोल पुरल्या जात, किंवा दोन समांतर तारा काही अंतरावर एकमेकींना आडव्या जोडल्या जात, जेणेकरून एक तुटली तरी संदेश दुसरीवाटे जाईल. तरीही पुढच्या भागात तार तुटली की कोणाला तरी मारा चालू असताना बाहेर पडून, हातात तार धरून चाचपडत, तुटलेले टोक शोधावे लागे. जोड दिल्यावर सोबतचा टेलिफोन तारेला लावून दोन्ही टोकांशी बोलून खात्री करायची, हा कामाचा शेवटचा भाग. हाच शेवटचा भाग आपल्या कथेचा कणा ठरणार आहे.

असा तपशील सापडेपर्यंत वाचन चालू ठेवावे. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये, ज्याची स्थापना युद्ध चालू असतानाच १९१७ साली झाली, सैनिकांची पत्रे, छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रित आठवणी आहेत. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पलटणींच्या युद्धदैनंदिन्या आहेत. युद्धदैनंदिनीची भाषा रूक्ष असते, आणि नेमकी म्हणूनच ती उपयोगी पडते, कारण त्या दिवशी काय महत्त्वाचे वाटले आणि काय लिहिण्याजोगेही वाटले नाही, हे दोन्ही तिच्यातून कळते.

३. वय आणि तारीख पक्की करावी

त्या काळी ब्रिटिश सैन्यात भरतीचे किमान वय १८ आणि परदेशी आघाडीवर जाण्याचे १९ होते, तरी वय चोरून भरती झालेली मुले हजारोंनी होती आणि पालकांनी जन्माचा दाखला पाठवून मुलाला परत मागितल्याची उदाहरणेही आहेत. आपला नायक १७ वर्षांचा आहे आणि त्याने १९ सांगितले आहे. या एका खोटेपणातून पुढे मोठा प्रसंग निघतो.

कथा आजच्या काळात घडत असेल तर मात्र हा खेळ असा खेळता येत नाही. बालकांच्या सशस्त्र संघर्षातील सहभागाविषयीचा २००० सालचा आंतरराष्ट्रीय करार १८ वर्षांखालील मुलांच्या सक्तीच्या भरतीला मनाई करतो आणि त्यांना प्रत्यक्ष लढाईपासून दूर ठेवण्याचे बंधन घालतो. आजच्या काळातला १८ वर्षांखालचा सशस्त्र मुलगा दाखवला की तो बालसैनिकाचा चित्रपट होतो, आणि त्याचे प्रश्न निराळे आहेत.

तारखेबाबत एक सावधगिरी बाळगावी. प्रसिद्ध दिवस कथेला गिळतात. सोम नदीकाठच्या लढाईच्या पहिल्या दिवशी, १ जुलै १९१६ रोजी, ब्रिटिश सैन्याचे ५७,४७० सैनिक मृत, जखमी, बेपत्ता किंवा बंदी झाले आणि त्यांपैकी १९,२४० मृत्यू पावले. अशा दिवशी एका मुलाने तार नीट तपासली की नाही याकडे कोणाचे लक्ष जाईल? म्हणून आपली कथा त्याच वर्षाच्या वसंतात, शांत समजल्या जाणाऱ्या भागात सुरू होते. रणगाडे प्रथम १५ सप्टेंबर १९१६ रोजी वापरले गेले, विषारी वायूचा पहिला मोठा जर्मन हल्ला पश्चिम आघाडीवर २२ एप्रिल १९१५ रोजी झाला आणि ब्रिटिशांची पोलादी शिरस्त्राणे १९१६ च्या उन्हाळ्यापर्यंत सर्वत्र दिसू लागली. अशी टिपणे एका पानावर काढून भिंतीला लावली की कालविपर्यासाच्या निम्म्या चुका लिहितानाच टळतात.

४. निर्णयांची यादी करावी

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि ती घाईने उरकली तर पुढची कोणतीही कारागिरी कामाला येत नाही. कोऱ्या कागदावर नायकाचे पाच किंवा सहा निर्णय क्रमाने लिहावेत. प्रत्येकासमोर तीन गोष्टी नोंदवाव्यात: निर्णय खरोखर कोणाचा होता, नायकाला त्या क्षणी काय ठाऊक होते आणि किंमत कोणी मोजली. सुरुवातीला निर्णय दुसऱ्याचे असतील, मध्ये अर्धेमुर्धे त्याचे होतील आणि शेवटचा पूर्णपणे त्याचा असेल, अशी चढण असावी.

आपल्या कथेचा पहिला निर्णय भरतीच्या टेबलापाशी वय खोटे सांगण्याचा आहे. तो हौसेने घेतलेला आहे आणि त्याची किंमत काय, हे नायकाला ठाऊकच नाही. दुसरा प्रसंग आघाडीवरच्या पहिल्या रात्रीचा आहे. अनुभवी जोडीदार कोणत्या वाटेने जायचे, कधी आडवे व्हायचे, कधी धावायचे हे सारे ठरवतो आणि मुलगा केवळ मागे जातो. इथे त्याला सुरक्षित वाटते, कारण आज्ञापालनात एक विश्रांती असते. लेखकाने ती विश्रांती प्रामाणिकपणे दाखवावी, तिची थट्टा करू नये.

तिसरा निर्णय हा चित्रपटाचा गाभा आहे. एका रात्री मुलगा तार जोडायला एकटाच जातो. त्याला एक तुटलेली जागा सापडते, तो ती जोडतो, पण मारा वाढल्यामुळे टेलिफोन लावून दोन्ही टोकांची खात्री न करताच परततो आणि ‘लाइन ठीक आहे’ असे सांगतो. पहाटे आपल्याच तोफांचे गोळे अलीकडे, आपल्या खंदकात पडू लागतात. मारा पुढे सरकवा, हे मागे कळवायला तार बंद आहे. माणसे मरतात. तार रात्रीपासूनच दुसऱ्या ठिकाणी तुटलेली होती, की पहाटे नव्याने तुटली, हे कोणालाही, खुद्द मुलालाही, कधी कळणार नाही. लेखकाने हे उत्तर स्वतःलाही देऊ नये. तार रात्रीपासूनच तुटलेली असेल तर चित्रपट गुन्हा आणि प्रायश्चित्ताचा होतो. ती पहाटे तुटली असेल तर नायकाची सुटका होते. अनिश्चिततेत मात्र त्याला निर्दोष मानण्याची मुभा सारे जग देते आणि ती स्वीकारायची की नाही, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते. बालपण इथे संपते असे मला वाटते, आणि तसे वाटवणारा एकही संवाद पटकथेत नसावा.

चौथा निर्णय घरून आलेल्या दाखल्याचा आहे. आईने खरे वय कळवले आहे. अधिकारी त्याला बोलावून विचारतो आणि घरी परतण्याची वाट मोकळी होते. मुलगा थांबतो. परंतु तो शूर आहे म्हणून थांबतो असे दाखवणे ही फसवणूक ठरेल. तो थांबतो ते घरी गेल्यावर आईच्या डोळ्यांना डोळे भिडवणे अवघड जाईल म्हणून. बाहेरून थोर दिसणारा आणि आतून पळपुटा असलेला निर्णय नायकाच्या वाट्याला एकदा तरी यावा. अशाने पात्राला खोली येते आणि प्रेक्षकाला टाळी वाजवावी की नाही, असा संभ्रम पडतो.

शेवटच्या निर्णयाच्या वेळी मुलगा जुना झालेला आहे आणि त्याच्या हाताखाली नवा पोरगा आला आहे. प्रचंड माऱ्यात तार तुटते आणि दोघांनी आत्ताच जावे असा हुकूम येतो. ठरावीक साच्यातला चित्रपट इथे नायकाला एकट्याला पाठवून हुतात्मा करील. मी तसे करणार नाही. आपला नायक अधिकाऱ्याला सांगतो की हा मारा थांबेपर्यंत तार जोडली तरी टिकणार नाही, माणसे मात्र जातील; संदेशासाठी कबुतर किंवा धावत निरोप नेणारा माणूस वापरावा. हे म्हणताना तो पहिल्यांदाच हेही सांगतो की त्या रात्री आपण तार शेवटपर्यंत तपासली नव्हती. तोंडावर नकार देणाऱ्या सैनिकावर लष्करी न्यायालयाचे सावट असे. पळून जाणे, भित्रेपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश लष्कराने त्या युद्धात गोळ्या घातलेल्या ३०६ जणांना २००६ साली मरणोत्तर माफी देण्यात आली. तरीही हा प्रसंग आरडाओरड्याचा करू नये. अधिकाऱ्याने क्षणभर त्याच्याकडे पाहावे, ऐकावे आणि संदेश दुसऱ्या मार्गाने पाठवावा. तो संदेश उशिरा पोहोचावा आणि त्याचीही किंमत कोणीतरी मोजावी. योग्य निर्णयाला बक्षीस मिळालेच पाहिजे असा हट्ट पटकथेने धरला की सारी मेहनत वाया जाते.

५. माणसे थोडी ठेवावीत

सेक्शनमध्ये दहा-बारा, प्लॅटूनमध्ये पन्नासच्या आसपास आणि कंपनीत दोनशेच्या घरात माणसे, अशी तेव्हाची ढोबळ रचना होती. प्रेक्षक एकसारख्या गणवेशातले, चिखलाने माखलेले सहा चेहरे ओळखू शकतो, त्यापेक्षा अधिक नाही. म्हणून प्रत्येकाला दुरूनही ओळखू येईल अशी एखादी लकब, चाल किंवा आवाज द्यावा आणि नायकाच्या निर्णयांशी ज्याचा संबंध नाही असे पात्र निर्दयपणे वगळावे.

अनुभवी जोडीदाराविषयी विशेष विचार करावा. गुरूसमान पात्राला मारून नायकाला मोठे करणे ही इतकी रुळलेली वाट आहे की पहिल्या वीस मिनिटांतच प्रेक्षक त्याच्या मृत्यूची वाट पाहू लागतो. आपल्या कथेत जोडीदार जिवंत राहतो, पण त्याला शंका आलेली आहे आणि तो विचारत नाही. मेलेल्या मित्रापेक्षा न विचारणारा जिवंत मित्र पटकथेला अधिक काम देतो. शत्रूचा माणूस दाखवायचा तर तोही तार जोडतानाच दाखवावा. त्याच्यावर भाषणे नकोत.

६. पानांचा हिशोब

संहितेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, हा प्रचलित अंदाज आहे. ११० पानांची संहिता धरली तर घर आणि भरतीला दहा-बारा पानांहून अधिक देऊ नये आणि प्रशिक्षण शक्यतो वगळावे. तिसरा निर्णय पन्नासाव्या पानाच्या आसपास यावा, म्हणजे त्याचे ओझे घेऊन जगण्याचा भाग अर्ध्याहून मोठा होतो. लढाईची मोठी दृश्ये तीनच ठेवावीत. लढाईच्या दृश्यांना पानाचा हिशोब लागू पडत नाही. ‘मारा सुरू होतो’ ही एक ओळ पडद्यावर चार मिनिटे खाऊ शकते, म्हणून अशी दृश्ये ठोक्याठोक्याने, वेगवेगळ्या ओळींत लिहावीत. उरलेली पाने वाट पाहणे, पोती भरणे, पाणी उपसणे, उवा मारणे यांना द्यावीत. सैनिकाचा बहुतेक काळ यातच जातो.

७. लढाई नायकाच्या कानांनी लिहावी

आकाशातून दिसणारे रणांगण हे सेनापतीचे दृश्य आहे. तार हातात धरून पालथा पडलेल्या मुलाला फार तर दहा पावले दिसतात, आणि म्हणून त्याचे खरे शिक्षण आवाजांचे असते. त्या काळच्या ब्रिटिश रायफलची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ७४० मीटर वेगाने सुटे, तर आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. त्यामुळे चारशे मीटरवरून झाडलेली गोळी जवळून गेल्याचा कोरडा तडाखा आधी ऐकू येतो आणि बंदुकीचा बार सुमारे अर्ध्या सेकंदाने मागून येतो. नवशिक्या दोन गोळ्या समजतो. जाणत्याला त्या अंतरावरून बंदूकधारी किती लांब आहे याचा अंदाज येतो. तोफगोळ्यांचेही तसेच आहे. उंचावरून संथ येणारा गोळा आधी ऐकू येतो, वेगवान हलक्या तोफेचा गोळा मात्र सावध व्हायला जेमतेम क्षण देतो.

याचा पटकथेत थेट उपयोग करावा. पहिल्या भागात आवाजांचा गोंधळ एकसंध लिहावा आणि नायकाला प्रत्येक आवाजाला दबकताना दाखवावे. मधल्या भागात जोडीदार एखाद्या आवाजाला हलतही नाही आणि दुसऱ्याला क्षणात आडवा होतो, एवढेच दाखवावे, स्पष्टीकरण देऊ नये. शेवटच्या भागात नवा पोरगा दबकतो आणि आपला नायक हलत नाही, तेव्हा प्रेक्षकही हलत नाही, कारण तोही तोवर ऐकायला शिकलेला असतो. ध्वनिरेखनकाराला संहिता लवकर दाखवावी. या चित्रपटात त्याचे काम छायाचित्रकाराइतकेच मोठे आहे.

८. पत्रे

सैनिकांची पत्रे त्यांच्याच तुकडीचा अधिकारी वाचून तपासत असे. याशिवाय एक छापील पोस्टकार्ड होते. त्यावर ‘मी पूर्ण बरा आहे’, ‘मला रुग्णालयात दाखल केले आहे’ अशी तयार वाक्ये असत, नको असलेली खोडायची आणि फक्त तारीख व सही घालायची. एक शब्द जरी जास्त लिहिला तरी कार्ड नष्ट केले जाई. मनातले बोलून दाखवणाऱ्या निवेदनाची गरज या एका वस्तूने संपते. कोणते वाक्य नायक पटकन खोडतो, कोणत्यावर पेन्सिल थांबते आणि कोणत्या दिवशी तो कार्डच पाठवत नाही, एवढ्यावर त्याची अवस्था सांगता येते. त्याची पत्रे वाचणाऱ्या अधिकाऱ्याला त्याच्याविषयी किती ठाऊक आहे, हा ताणही आपोआप तयार होतो आणि चौथ्या निर्णयाच्या प्रसंगी उपयोगी पडतो. हे कार्ड तीन वेळा वापरावे; चौथ्यांदा ते युक्ती वाटू लागते.

९. खर्डा तपासताना आणि चित्रीकरणापूर्वी

पूर्ण झालेला खर्डा आठवडाभर बाजूला ठेवून मग तीन वेळा, दर वेळी एकाच प्रश्नासाठी वाचावा. पहिल्या वाचनात फक्त निर्णय पाहावेत: एखादा प्रसंग काढला तरी पुढचा निर्णय तसाच राहत असेल, तर तो प्रसंग कितीही सुंदर असला तरी काढावा. दुसऱ्या वाचनात ‘युद्ध’, ‘भीती’, ‘मरण’, ‘देश’ हे शब्द असलेले सर्व संवाद अधोरेखित करावेत आणि त्यांतले निम्मे खोडावेत. सैनिक आपसात बहुतेक वेळा जेवण, पाय, झोप आणि वरिष्ठांविषयी बोलतात. तिसऱ्या वाचनात काळाचे तपशील ताडून पाहावेत. त्यानंतर संहिता दोन माणसांना द्यावी: एक, ज्याने सैन्यात प्रत्यक्ष सेवा केली आहे; दुसरा, ज्याला युद्धपट मुळीच आवडत नाहीत. दुसऱ्याला कंटाळा कुठे आला, ते पान क्रमांकासह विचारावे.

लेखकानेही चित्रीकरणाच्या सुरक्षिततेचा विचार कागदावरच करावा, कारण धोका अनेकदा संहितेतच लिहिलेला असतो. बिनगोळीची काडतुसेही जवळून प्राणघातक ठरतात. अमेरिकन अभिनेता जॉन-एरिक हेक्सम १९८४ साली असेच काडतूस भरलेले पिस्तूल कानशिलाला लावून चाप ओढल्याने मृत्यू पावला. म्हणून जवळून रोखलेली बंदूक, चेहऱ्याशेजारचा बार, गर्दीतला स्फोट अशी दृश्ये लिहिताना ती कॅमेऱ्याच्या कोनाने, संकलनाने किंवा आवाजाने साधता येतील अशीच लिहावीत, आणि शस्त्रे हाताळणारा प्रशिक्षित माणूस व स्फोटांचा परवानाधारक तंत्रज्ञ यांच्याशी ती दृश्ये अंदाजपत्रक ठरण्यापूर्वी वाचून घ्यावीत. तार जोडण्याचे काम मात्र नटाकडून खरेखुरे करून घ्यावे: अंधारात, ओल्या हातांनी, दोन तारांची टोके सोलून घट्ट पिळणे आणि मग टेलिफोन लावून दोन्ही बाजूंचा प्रतिसाद ऐकणे त्याला न पाहता जमले पाहिजे. तिसऱ्या निर्णयाच्या रात्री त्याने काय केले नाही, हे कोणत्याही संवादाशिवाय प्रेक्षकाच्या ध्यानात यायचे असेल, तर त्यापूर्वी किमान दोनदा ते काम शेवटपर्यंत पूर्ण झालेले पडद्यावर दिसायला हवे.